मलादी म्हणजे काय

विहीणबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मोबाइल हातभर लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. "मलादी. मुलीचं नाव. मूळ, परदेशी. अर्थ, आजार, दुखणं, जुनाट व्याधी."

खोलीत पाच मोठी माणसं होती आणि एक तीन आठवड्यांची मुलगी. मुलीचं नाव अजून ठरलं नव्हतं. मोठ्यांपैकी एकीचं नाव मलादी होतं, आणि ती विहीणबाईंच्या अगदी समोर चहाचा कप घेऊन बसली होती.

"थांबा, पुढे आहे," विहीणबाई म्हणाल्या. "लोकप्रियता, दहा हजारांत शून्य. शुभ रंग राखाडी. स्वभाव, चिडका."

"चिडका?" मलादीने कप बशीत आदळला. निम्मा चहा तिच्या मांडीवर सांडला.

"घ्या. म्हणजे सगळंच काही खोटं नाही लिहिलेलं."

जावयाने खाली बघून हसू दाबलं. मलादीच्या थोरल्या बहिणीला, ताईला, कमी ऐकू यायचं. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत "काय झालं? काय म्हणाल्या त्या?" असं विचारत राहिली. ताईची मुलगी, म्हणजे मलादीची भाची, आपल्या बाळाला थोपटत होती. तिने मान वर केली नाही.

टेबलावर जन्मनोंदणीचा फॉर्म पडला होता. आईचं नाव, वडिलांचं नाव, वजन, वेळ, सगळं भरून झालं होतं. मुलीच्या नावाची तेवढी जागा कोरी होती. तिथे काय लिहायचं हे भाचीने पोटात मूल होतं तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली तर मलादी. मावशीचं नाव.

"उद्या शाळेत कोणी विचारलं, बाळ, तुझ्या नावाचा अर्थ काय, तर आमच्या नातीने काय सांगायचं?" विहीणबाई म्हणाल्या. "जुनाट व्याधी?"

"अहो, असा अर्थ नाहीच आहे त्याचा!"

"मग काय आहे?"

"मला दे."

"काय देऊ?"

आता मात्र जावयाला हसू आवरेना. मलादीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली आणि सांगायला लागली, पण रागाने तिचं बोलणं पुढचं मागे आणि मागचं पुढे व्हायला लागलं.

खरं तर ती गोष्ट अगदी साधी होती. मलादी जन्मली तेव्हा ताई तीन वर्षांची होती. घरात आलेला प्रत्येक जण बाळाला मांडीवर घेत होता, आणि ताई दोन्ही हात पसरून पलंगाशी उभी होती. तिची जीभ अजून नीट वळत नव्हती. "मला दे" म्हणायला जायची आणि "मलादी" म्हणायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा तोच घोष, मलादी, मलादी. पाडेल म्हणून कोणी तिच्या हातात बाळ देईना. शेवटी ती रडून रडून लाल झाली, तेव्हा वडिलांनी तिला कोपऱ्यात भिंतीला टेकवून बसवलं, तिच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. मग ती ते परत देईना. दुसऱ्या दिवशी वडील नोंदणीच्या कचेरीत गेले. घरच्यांनी ठरवलेलं एक छानसं नाव कागदावर लिहून त्यांच्या खिशात घातलं होतं. कारकुनाने विचारल्यावर ते म्हणाले, मलादी. कारकून म्हणाला, म्हणजे काय? वडील म्हणाले, तुम्ही लिहा.

अठ्ठावन्न वर्षं हे नाव तिने वागवलं होतं. शाळेतल्या बाई हजेरी घेताना तिच्यापाशी येऊन अडखळत. बँकेतला माणूस म्हणे, आडनाव नको, नाव सांगा. कुरियरवाल्याने तिला कधी मलाडी केलं, कधी मेलोडी. पण आजार? हे मात्र कोणी केलं नव्हतं.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "आत्ता नको ना. राहू दे."

तेवढंच मलादीला लागलं. विहीणबाईंचं काय, त्या परक्या घरच्या. पण ही पोर शाळा सुटली की मावशीच्या दुकानात यायची, टेबलाखाली बसून डबा खायची, सहाव्या वर्षी खोडरबरावर स्वतःचं नाव कोरून तिने बोट कापून घेतलं होतं. तिने म्हणावं, राहू दे?

मलादीने पिशवी उचलली आणि कोणाचाही निरोप न घेता बाहेर पडली.

तिचं दुकान नावाच्या पाट्यांचं. पितळ, लाकूड, काळं ॲक्रिलिक. एकतीस वर्षं ती लोकांची नावं कोरत होती आणि नावांचं तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, असं तिला वाटे. कुठलं नाव कधी फोफावलं, कधी ओसरलं, कुठल्या नावात वेलांटी घोटाळा करते, सगळं तिला पाठ. एका वर्षी लागोपाठ अकरा गिऱ्हाइकांनी नव्या बाळाचं एकच नाव आणलं होतं आणि अकराही जण म्हणाले होते, जरा वेगळं नाव शोधलंय. तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. नाव ज्याचं त्याचं. आपण फक्त नीट कोरायचं.

त्या दिवशी तिने मशीन चालूच केलं नाही. मोबाइलवर ते पान उघडून ती पुन्हापुन्हा वाचत बसली. पानाच्या तळाशी तक्रारीची जागा होती. तिने लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." तिने परत लिहिलं. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा तिने फक्त "मूर्खांनो" एवढंच लिहिलं, तर तोही अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा निघाला.

पण कोपऱ्यात बारीक अक्षरात पत्ता होता, आणि तो याच शहरातला होता.

गाद्यांच्या दुकानावर तिसरा मजला. काचेच्या दारावर कंपनीचं नाव कागदावर छापून चिकटपट्टीने लावलेलं, तेही तिरकं. जगाच्या नावांचा धंदा करणाऱ्यांना स्वतःच्या दाराला धड पाटी नाही, हे बघून मलादीचा पारा आणखी चढला. आत तीन टेबलं होती. दोनांवर खोकी रचलेली होती आणि तिसऱ्याशी तिशीतली एक बाई खांद्यावर शाल घेऊन बिस्किट खात टाइप करत होती. संपादक म्हणजे तीच.

"मलादी?" ती खुर्चीवरून अर्धवट उठली. "तुम्ही स्वतः? अय्या. आम्हाला वाटलं, असं कोणी नसतंच."

"मग नाव मिळालं कुठून तुम्हाला?"

"टेलिफोनच्या जुन्या यादीतून. यंत्रच उचलतं. चाळीस हजार नावं आहेत हो, मॅडम, माणूस कुठवर बघणार?"

"आणि अर्थ?"

"तोही यंत्रच लावतं. आमच्याकडे नसलेलं नाव असलं की ते इंग्रजी अक्षरांत लिहून जवळचा शब्द शोधतं. तुमचं नाव तसं लिहिलं की तिकडच्या दुखण्याच्या शब्दासारखं दिसतं." तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला. "घ्या ना."

"बिस्किट नकोय मला. माहीत नव्हतं तर कोरं सोडायचं."

"अर्थाचा रकाना कोरा सोडला तर पान चढतच नाही. लाल चौकट येते."

"मग लिहायचं, ठाऊक नाही."

"ठाऊक नाही हे वाचायला कोण येणार, मॅडम?"

ही बाई वाईट नव्हती. तिने खुर्ची दिली होती, पंखा वाढवला होता. आणि हसतमुखाने बसून ती चाळीस हजार माणसांना तुम्ही कोण ते सांगत होती.

"मी सांगते अर्थ," मलादी म्हणाली. "लिहून घ्या."

"तसं नाही चालत. पुरावा लागतो. शब्दकोश, जुना ग्रंथ, शिलालेख, निदान छापलेलं काहीतरी."

"माझी बहीण आहे. तिनेच ठेवलंय नाव."

"बहीण नाही चालत."

"तुमचं यंत्र चालतं आणि माझी बहीण चालत नाही?"

दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊन आली. ताईचे गुडघे दुखत होते. ती दर मजल्यावर थांबून कठड्याला धरायची आणि म्हणायची, "कशाला गं हे सगळं?" वर पोचल्यावर ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिने सगळं सांगितलं. पलंगाची उंची, कोपऱ्यातल्या उशा, बाळाच्या डोक्याला येणारा वास. "माझे हात भरून आले होते," ती म्हणाली, "पण मी म्हटलं, एकदा दिली तर परत मिळायची नाही."

संपादकबाईंचं टाइप करणं थांबलं होतं. "किती गोड," त्या म्हणाल्या. "आजी, मी बघते. काहीतरी करते."

त्या "काहीतरी"नेच मलादीला सावध करायला हवं होतं. पण ती जिंकल्याच्या आनंदात जिना उतरली.

आठवड्याने विहीणबाईंचा फोन आला. आवाजात साखर होती. "अहो विहीणबाई, किती सुंदर नाव आहे तुमचं! सांगायचं नाही का आधी? ऐका. मूळ, अतिप्राचीन. अर्थ, ईश्वराने स्वहस्ते दिलेली देणगी. शुभ रंग सोनेरी. स्वभाव, शांत. आम्ही ठरवलंय, मलादीच ठेवायचं. सोमवारी फॉर्म देऊन टाकू."

मलादीने लगेच संपादकबाईंना फोन लावला.

"आवडलं ना?" त्या म्हणाल्या. "'मला दे' यात देणं आहेच की. देणं म्हणजे देणगी. थोडं सजवलं, बस."

"अहो, कोणी दिलं नव्हतं काही! माझ्या बहिणीने मागितलं होतं. दिवसभर हात पसरून, रडून मागितलं होतं. ते कुठे गेलं?"

"मॅडम, आता चांगला अर्थ आहे ना? लोक चांगला अर्थ असला की खूश होतात."

"पुरावा कुठला लावलात याला? शिलालेख सापडला का?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

ताईला यात रागावण्यासारखं काही दिसेना. "पोरीला नाव लागतंय ना? मग सोड की."

"तुला काढून टाकलं त्यांनी, ताई. तू तिथे नाहीसच. देव आहे फक्त."

"मी तीन वर्षांची होते गं," ताई म्हणाली. "मला काय होतंय."

मलादीला मात्र होत होतं. दोन दिवस तिने स्वतःला समजावून बघितलं. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. नाव मिळतंय, भाचीचं मन राहतंय, विहीणबाई गोड बोलतायत. पण पितळेवर अक्षर कोरताना तिचा हात दोनदा घसरला आणि दोन्ही पाट्या वाया गेल्या. रविवारी दुपारी ती उठली आणि भाचीच्या घरी गेली.

विहीणबाईंनी दार उघडलं. "या या, ईश्वराची देणगी!"

"ते खोटं आहे," मलादी उंबऱ्यातच म्हणाली. "आधीचंही खोटं होतं आणि हेही खोटं आहे. माझ्या ताईची गोष्ट ऐकून एका बाईने मनाने लिहिलंय. नाव ठेवायचं तर खऱ्यासाठी ठेवा, नाहीतर ठेवूच नका."

"तुम्हाला हवंय तरी काय?" विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "वाईट लिहिलं तर भांडलात, चांगलं लिहिलं तरी भांडताय. स्वभाव चिडका हेच बरोबर होतं!"

"हो, आहे मी चिडकी! त्या पानावरचं एक अक्षर खरं नाही, विहीणबाई. माझ्याच नव्हे, कोणाच्याच नावाचं नाही. रकाना कोरा सोडता येत नाही म्हणून भरतात. तिथे वाचून कोणी स्वतःला मोठं समजत असेल तर ते अगदी..."

ती थांबली. विहीणबाईंचा चेहरा पडला होता. त्या मागे सरकून सोफ्यावर बसल्या.

"माझंही आहे तिथे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी बघितलं मी. तेजाने उजळणारी, असं लिहिलंय."

त्यांचं नाव इतकं सर्रास होतं की मलादीने त्याच्या पाट्या शंभरेक तरी केल्या असतील. विहीणबाई खाली बघून बोलत राहिल्या. "शाळेत माझ्या वर्गात चौघी होतो त्याच नावाच्या. बाई आम्हाला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी म्हणायच्या. मी चौथी. घरीसुद्धा मग भाऊ चौथी म्हणायला लागले. मी आईला विचारलं होतं, माझं हे नाव का ठेवलंत? ती म्हणाली, काहीतरी ठेवायला हवं ना. तुम्हाला निदान तुमची गोष्ट ठाऊक आहे. मला त्या मोबाइलनेच पहिल्यांदा सांगितलं काहीतरी. आता ते पण खोटं म्हणताय."

मलादीचा राग गेला नव्हता, पण तो या बाईवर काढायचा नव्हता एवढं तिला लख्ख दिसलं. आणि नेमका तिच्यावरच काढून झाला होता.

भाची आतून मुलीला घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मुलीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि टेबलावरचा फॉर्म ओढला. "मावशी, त्या दिवशी मी गप्प बसले ते चुकलंच माझं. रात्र रात्र झोप नव्हती मला, भांडण नको झालं होतं. पण तुझं नाव मला अर्थासाठी नकोच होतं कधी. ती मोठी झाली की मी तिला सांगेन, तुझी आजी तीन वर्षांची असताना हे बोलली." मग सासूकडे वळून ती म्हणाली, "आई, तुम्हाला पटत नसेल तर आत्ताच सांगा. मागून कुरकुर नको."

विहीणबाई मुलीकडे बघत होत्या. "म्हणजे अर्थ असा काही नाहीच," त्या म्हणाल्या.

"नाही," भाची म्हणाली.

"लिही मग. पण मी तिला माझ्या मनाने हाक मारणार. आधीच सांगून ठेवते."

भाचीने ठळक अक्षरांत नाव लिहिलं.

ते पान अजून तसंच आहे. मलादीने संपादकबाईंना सात पत्रं लिहिली. आता त्यांना ते काढायचं नाही, कारण लोक ते वाचायला येतात. मध्ये एक जोडपं दुकानात आलं, त्यांच्या मुलीचं नाव मलादी ठेवलं होतं, आणि ईश्वराने स्वहस्ते, वगैरे त्यांनी मलादीलाच समजावून सांगितलं. तिने त्यांना खरं काय ते सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसले. नवरा म्हणाला, "बाई, नेटवर लिहिलंय." मलादीने दात-ओठ खात त्यांची पाटी कोरून दिली.

पण त्याच्या बरंच आधी, फॉर्म देऊन झाल्यावर चारेक दिवसांनी, विहीणबाई एकट्याच दुकानात आल्या. बराच वेळ त्या भिंतीवरच्या नमुन्याच्या पाट्या बघत उभ्या राहिल्या.

"माझी एक आत्या आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी वर्षांची. वृद्धाश्रमात असते. तिला माहीत असेल कदाचित. मी कधी विचारलंच नाही."

"मग विचारा की."

"एकटीला जायचा धीर होत नाही. ती पण म्हणाली, काहीतरी ठेवायचं म्हणून ठेवलं, तर?"

मलादीने मशीनचं बटण बंद केलं आणि शटर ओढलं.

आत्या खिडकीपाशी बसली होती. तिने आधी विहीणबाईंना ओळखलं नाही, मग ओळखलं, मग त्यांच्या वाढलेल्या वजनावर बोलली. प्रश्न ऐकल्यावर ती म्हणाली, "का म्हणजे? शेजारणीचं नाव ते. धुलाईच्या कारखान्यात होती कामाला. तुझ्या आईला अवेळी कळा सुटल्या, घरात पुरुषमाणूस नव्हतं. त्या बाईने कपड्यांच्या हातगाडीवर घालून नेलं तिला दवाखान्यात. एकटीने ढकलली गाडी, पायात चप्पल नव्हती तिच्या. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. तुझ्या आईने तिथल्या तिथे नाव ठेवलं. पुढे दोघींचं नळावरून फाटलं, बोलणं बंद झालं, मग कोण कशाला सांगतंय तुला."

विहीणबाईंनी आत्याचा हात धरला होता. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्या एकदम थांबल्या. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरले होते.

"चौसष्ट वर्षं!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "चौसष्ट वर्षं, विहीणबाई! एकाने सांगू नये मला? नळावरून भांडल्या म्हणून? ती बाई अनवाणी धावली माझ्यासाठी आणि मला तिचा चेहरासुद्धा ठाऊक नाही. तेव्हा दोन घरं सोडून राहत असेल, मी तिच्यासमोरून शाळेत जात असेन, आणि मला सगळे चौथी म्हणत होते. चौथी!"

"बोला," मलादी म्हणाली. "चांगलं मोठ्याने बोला."

आणि विहीणबाई बोलत राहिल्या. बसस्टॉपपर्यंत, बस येईपर्यंत, बस आल्यावरही.